बैल, सिंह आणि वर्ष तिसरं

व्हिएन्नात नाण्यांच्या एका प्रदर्शनात मी हे जुनं रोमन नाणं घेतलं, रीतसर पावती करून. वजन १७ ग्रॅम, व्यास २९ मिलिमीटर, गडद हिरवं कांस्य. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर 'गॉर्डियन तिसरा, सेस्टर्शियस, रोम' असं होतं; म्हणजे सम्राटाचं नाव, नाण्याचा प्रकार आणि टांकसाळीचं शहर. त्या शेवटच्या शब्दापायी माझे दोन महिने गेले. रोमच्या टांकसाळीची अख्खी सूची पालथी घातली, हे चित्र कुठेच सापडेना.

आईला फोनवर दाखवलं. ती म्हणाली, "चिंच लाव रे, लख्ख निघेल." घरच्या कळशीला ते ठीक आहे. पण या नाण्यावरचा बारीक उठाव त्या हिरव्या थरातच टिकून असतो; आंबट लागलं की थर जातो आणि अक्षरंही जातात. मी ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवलं, पाणी बदलत राहिलो, आणि मऊ झालेली माती तेवढी टूथपिकने काढली. तीन आठवडे लागले.

मग एका रात्री खोलीतला दिवा मालवून टॉर्च आडवी धरली. मधे उभी बाई, दोन्ही हात पसरलेले. एका हाताखाली बैल, दुसऱ्या हाताखाली सिंह, त्याची आयाळसुद्धा दिसत होती. आणि 'एस सी' कुठेच नाही! सिनेटच्या ठरावाची ही दोन अक्षरं रोमच्या सेस्टर्शियसवर असायची. मी आधी हेच बघायला हवं होतं. कडेने वाचत गेलो: पी एम एस कोल विम.

म्हणजे रोमन साम्राज्याच्या अप्पर मोएशिया प्रांतातली कोलोनिया (रोमन वसाहतीचा दर्जा असलेलं शहर) विमिनाकियम. आजच्या सर्बियात, कोस्टोलात्सजवळ. प्रांतांच्या नाण्यांची आरपीसी ही सूचीच वेगळी, तिच्या सातव्या खंडात गॉर्डियन येतो. तिथे हे चित्र लगेच सापडलं. २३९ साली त्याने या शहराला कोलोनियाचा दर्जा दिला आणि तिथे नाणी पडू लागली. बाई म्हणजे खुद्द मोएशिया प्रांत. बैल हे सातव्या क्लॉडिया लीजनचं, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीचं चिन्ह; तिचा तळ इथेच. सिंह चौथ्या फ्लाविया लीजनचा, ती सिंगिडूनमला, म्हणजे आजच्या बेलग्रेडला. अख्ख्या सरहद्दीचा बंदोबस्त एवढ्याशा कांस्यावर! रोमच्या नाण्यांपेक्षा मला ही प्रांतांची नाणी जास्त जवळची वाटतात ती यासाठीच.

पायाखालच्या रेघेच्या खाली 'ए एन' आणि तीन उभे दंड: वर्ष तिसरं. शहराची कालगणना २३९ पासूनची, म्हणजे हे २४१-४२ चं. पुढच्या बाजूला पानांचा मुकुट घातलेला गॉर्डियन. तेराव्या वर्षी सम्राट झालेला हा मुलगा तेव्हा सोळा-सतराचा होता. गालावर दाढी नाही.

जुनी चिठ्ठी मी फाडली नाही. उलटी करून तिच्यावर लिहिलं: विमिनाकियम, वर्ष ३.