आमची वाटचाल: पोशाखाच्या पेटाऱ्यापासून मुलींच्या वहीपर्यंत

नागपूरच्या महाल भागात आमचं पोशाख भाड्याने देण्याचं दुकान आहे. जिरेटोप, नऊवाऱ्या, पऱ्यांचे पंख, फौजदाराची वर्दी. शाळांची स्नेहसंमेलनं डिसेंबर-जानेवारीत, बाकीचे महिने कपड्यांना ऊन दाखवायचं. सासऱ्यांनंतर दुकान माझ्याकडे आलं तेव्हा भाड्यात दोन कारागिरांचा पगार निघेना, म्हणून नाटुकली बसवून द्यायलाही लागलो.

मुलींच्या एका बालगृहानं पंधरा ऑगस्टला पोशाख नेले होते. परत घ्यायला गेले, तर एक मुलगी फौजदाराची वर्दी काढायलाच तयार नाही. अधीक्षिका म्हणाल्या, "राहू द्या दोन दिवस, भाडं लावा." मी तिला विचारलं, "या फौजदाराला काय करायचंय?" तिनं सांगितलेल्या पाच ओळी बिलबुकाच्या मागे लिहून घेतल्या. आमचं पहिलं नाटक त्या पाच ओळींचं.

मग अशा मुलींसाठी लिहिण्याची आणि नाटकाची शिबिरं सुरू केली. पहिल्या शिबिरात माझी मोठी चूक झाली. मी मुलींना "माझी गोष्ट" लिहायला सांगितलं. बालविवाहातून सोडवलेली, घर सोडून स्टेशनवर सापडलेली, सगळ्यांनी तेच लिहिलं जे त्या बालकल्याण समितीसमोर सांगून आल्या होत्या. तालमीत एकजण स्वतःचाच प्रसंग करताना गप्प झाली, ती आठवडाभर कोणाशी बोलली नाही. तिला मी तिथं उभं करायलाच नको होतं.

तेव्हापासून कुणीही स्वतःची भूमिका करायची नाही, हा आमचा नियम. गोष्ट दुसऱ्या मुलीची, दुसऱ्या गावाची. एकीनं लिहिताना मला बजावलं, "ताई, हे माहं नाही, त्या पोरीचं आहे." आणि त्या पोरीकडून तिनं जे बोलवून घेतलं, ते स्वतःबद्दल तिनं कधी उच्चारलं नसतं.

सुरुवात मारबतीनं करतो, म्हणजे घरादाराची पीडा घेऊन जावी म्हणून मिरवणुकीनं नेऊन जाळतात तो पुतळा. तान्ह्या पोळ्याला इतवारीत "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत" हे ऐकत वाढलेल्या मुली या. कागदाची मारबत करायची, प्रत्येकीनं एक ओळ लिहायची. "बाबाची दारू घेऊन जाय गे मारबत." "मामानं आणलेलं स्थळ घेऊन जाय गे मारबत." दोन ओळी लिहायला घाबरणारी मुलगी इथं पान भरते.

मग ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल यांची पद्धत. प्रसंग एकदा सरळ करून दाखवायचा: सतरा वर्षांची मुलगी, पाहुणे आलेत, आई चहाचा ट्रे हातात देते. पुन्हा करताना बघणारी कुणीही "थांबा" म्हणून त्या मुलीच्या जागी उभी राहते. एकीनं ट्रे खाली ठेवून वय सांगितलं, दुसरीनं आजीला बाजूला घेतलं, तिसरीनं मैत्रिणीच्या फोनवरून १०९८, मुलांसाठीचा मदत क्रमांक, लावला. कुठला उपाय घरात टिकेल, यावर त्या तासभर भांडल्या. मला नाटकापेक्षा हे भांडण मोलाचं वाटतं.

वहीबद्दल पहिल्याच दिवशी सांगते: वही तुझी, मी विचारल्याशिवाय उघडणार नाही. पण कुणी तुला त्रास देतंय हे मला कळलं, तर मी गप्प बसणार नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचार कळवणं बंधनकारक आहेच. गुपित राखण्याचं खोटं वचन देऊन मुलीचा विश्वास मिळवणं मला पटत नाही.

पैशाचं सांगायचं तर, एका कंपनीनं सामाजिक निधीतून वर्षभराचं काम देऊ केलं. अट एकच: मुलींनी मंचावर स्वतःची कहाणी सांगायची, व्हिडिओ होईल. बाल न्याय कायदा, २०१५ अशा मुलींची ओळख उघड करू देत नाही, हे मी त्यांना समजावलं. चेहरे झाकू म्हणाले. मी नकार दिला. त्या वर्षी एक कारागीर कमी करावा लागला, याचं दुःख अजून आहे. पण टाळ्यांसाठी पोरींना रडवायचं काम आमच्या दुकानातून होणार नाही.

आता शिबिराचा खर्च स्नेहसंमेलनांच्या कमाईतून निघतो. मुलींनी लिहिलेल्या नाटुकल्या, नावं-गावं बदलून आणि त्यांच्या संमतीनं, आम्ही शाळांत बसवतो. लिहिणारीचं मानधन तिच्या बँक खात्यात जातं. पहिल्या शिबिरातली एकजण आता अठरा पूर्ण करून आमच्याकडे कामाला आहे. सकाळी मापं घेते, दुपारी संवाद दुरुस्त करते, आणि माझी वाक्यं फार लांब होतात म्हणून खोडतेही.