इंदूर ते जानापाव सायकलवर: चढ, उतार आणि ग्रुप कुठे सोडायचा

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आमचा ग्रुप जानापावला जाऊन आला आणि तेव्हापासून जो तो विचारतोय, रस्ता कसा आहे, साधी सायकल चालेल का, चढ झेपेल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

जानापाव म्हणजे महूच्या पुढे, मानपूरच्या अलीकडे, आग्रा-मुंबई हायवेच्या बाजूला असलेला विंध्याचा डोंगर, उंची 854 मीटर. इंदूर साधारण 550 वर आहे, म्हणजे चढ तीनेकशे मीटरचा, ऐकायला काहीच नाही वाटत, पण हा चढ सगळीकडे वाटून आलेला नाही. महूपर्यंत जवळपास सपाट, आणि कुटी गावाकडे वळलात की शेवटच्या टप्प्यात बराचसा एकदम अंगावर येतो. इंदूरहून 45 किमीच्या आसपास पडतं, जाऊन येऊन नव्वद धरा.

पहाटे साडेपाचला निघालो, लाइट लावूनच. राऊ सर्कलपर्यंत सगळे एकत्र. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, हायवेला ग्रुप अजिबात तुटू द्यायचा नाही. एका मागे एक, डाव्या शोल्डरवर म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, गप्पा मारायला दोघं शेजारी-शेजारी नको, कारण पिथमपूरकडचे ट्रक पहाटेपासूनच सुरू असतात आणि मोठा ट्रक जवळून गेला की हवेने सायकल आधी बाहेर ढकलली जाते मग आत ओढली जाते, हँडल सैल धरलं असेल तर गडबड होते. सगळ्यात मागे अनुभवी माणूस हवा, त्याच्याकडे पंप, ट्यूब, पंक्चर किट आणि लाल ब्लिंकर. जोरात पळणाऱ्याला मागे ठेवा खरं तर, म्हणजे कोणी थांबलं तर तो थांबून परत गाठू शकतो. पुढे ठेवा सगळ्यात हळू चालवणाऱ्याला, वेग त्याचा, बाकी सगळ्यांनी तो पाळायचा.

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर, दमलेल्या पायांना हे फार बरं पडतं. थंडीत बऱ्याचदा उलटं होतं, तेव्हा जाताना सुसाट गेलात म्हणून खूश होऊ नका, परतीसाठी पाय राखून ठेवा.

महूला पोहे-जलेबी झाले. अर्धीच प्लेट खा प्लीज, वर जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि शेव असली तरी. पोट भरून चढाला लागलं की काय होतं ते आमच्यातल्या दोघा पोरांना विचारा. महू 1818 नंतरची छावणी, होळकर आणि इंग्रजांच्या मंदसौरच्या तहानंतर वसलेली, आणि बाबासाहेबांचं जन्मगाव. स्मारक रस्त्यापासून फार आत नाही, ज्यांना बघायचंय त्यांनी परतीत वेळ ठेवा, सकाळी थांबलात तर चढाला ऊन लागतं.

हायवे सोडला की दोन्हीकडे सोयाबीन, पिवळं पडायला लागलेलं, मधे मधे मका, आणि समोर डोंगर. इथे मात्र ग्रुप सोडायचा. खरंच सांगते, चढावर दुसऱ्याच्या वेगाने चालवण्यासारखं थकवणारं काही नाही. आमच्यातले एक काका साठी ओलांडलेले, त्यांनी चढ सुरू व्हायच्या आधीच, सपाटीवर असतानाच, सगळ्यात हलका गिअर टाकला, सीटवरून उठले नाहीत, नजर पुढच्या चाकापासून दहा-बारा फुटांवर, आणि पाय एकाच लयीत. जवान मुलं उभं राहून पेडल मारत त्यांना मागे टाकून गेली आणि पुढच्या वळणावर धापा टाकत उभी. "या काका, बसा जरा," म्हणाले तर काका म्हणतात, "बसलो की उठणार नाही रे, तुम्ही या मागून." थांबले नाहीत, आमच्यात सगळ्यात आधी वर तेच. चढत असताना जोर लावून गिअर बदलू नका, चेन उतरते, तुटतेही. गिअर नसलेली सायकल असेल तर शेवटचा टप्पा ढकलत न्यायची तयारी ठेवा, त्यात काहीही कमीपणा नाही.

वर परशुरामाचं स्थान, त्यांची जन्मभूमी मानतात, आणि कुंड. चंबळ इथूनच निघते, लोक तर साडेसात नद्यांचा उगम सांगतात. मला जे फार आवडतं ते हे की उत्तरेकडचं पाणी चंबळेतून यमुनेला, गंगेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं आणि दक्षिण उताराचं नर्मदेतून अरबी समुद्रात. एकाच डोंगरावर उभं राहून दोन्ही बाजू दिसतात, पाऊस नुकता झालेला असेल तर हे बघण्यासाठी तरी जाच. खाणं उघडं ठेवू नका, माकडं आहेत.

आता उतार, जास्त काळजी इथली. सलग ब्रेक दाबून ठेवू नका, दाबा-सोडा, दाबा-सोडा. रिम ब्रेकवाल्या एका ताईंनी अर्ध्यात थांबून रिमला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं, इतकी तापलेली. दोन्ही ब्रेक वापरा, वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही, वजन मागे, आणि पावसाने वाहून आलेली बारीक गिट्टी वळणाच्या आतल्या बाजूला साठते तिथे पुढचा ब्रेक जोरात मारलात तर चाक घसरणारच. दोन सायकलींमधे भरपूर अंतर. खाली वळणापाशी सगळे जमा होईपर्यंत कोणीही हायवेला चढायचं नाही.

पाणी किमान दोन बाटल्या, एकीत ओआरएस. आणि कार्तिक पौर्णिमेला वर जत्रा भरते, त्या दिवशी सायकल नेऊ नका, रस्त्यावर गर्दी फार. मानपूरच्या पुढे गणपती घाट सायकलने उतरायचा विचार तर मुळीच नको, ट्रकांचे ब्रेक फेल होण्यासाठी तो घाट बदनाम आहे, कुटीच्या वळणावरूनच परत फिरा.