तुम्ही विचारलंत म्हणून: तीन कॉम्प्युटर, एकच सेटिंग

ऑफिसात लिनक्स, घरी मॅक आणि एखादा भाड्याचा सर्व्हर. तिन्हीकडे बॅश (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम), विम (टेक्स्ट एडिटर) आणि गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) यांची सेटिंग सारखी कशी ठेवायची, असं बरेच जण विचारतात. अख्खं होम फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं तर चालेल का, हा पुढचा प्रश्न. नाही चालणार. होममध्ये सेटिंगबरोबर कॅश, लॉक फाइल्स आणि खासगी किल्ल्याही असतात. दोन मशीन एकाच वेळी लिहायला लागली की एकाच फाइलच्या दोन-दोन प्रती तयार होतात.

त्यापेक्षा होममध्ये ‘डॉटफाइल्स’ नावाचं फोल्डर करून त्यात गिट सुरू करा. आत प्रत्येक प्रोग्रामचं वेगळं फोल्डर. खरी फाइल तिथे राहते, होममध्ये फक्त तिची सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक. लिंक जोडायला जीएनयू स्टो हा छोटा प्रोग्राम उत्तम. डॉटफाइल्समध्ये जाऊन ‘स्टो विम’ दिलं की तो एक पायरी वर, म्हणजे होममध्ये, लिंक करतो. आधी मायनस एन आणि मायनस व्ही लावून काय होणार ते पाहून घ्या.

नव्या मशीनवर बॅशआरसी, म्हणजे बॅशची सेटिंग फाइल, बहुधा आधीच असते, म्हणून स्टो अडतो. ‘ॲडॉप्ट’ पर्याय ती फाइल उचलून रेपोतल्या (गिट सुरू केलेल्या त्या डॉटफाइल्स फोल्डरमधल्या) फाइलच्या जागी ठेवतो, म्हणजे तुमचं कमिट न केलेलं, गिटमध्ये न नोंदवलेलं, काम गेलंच. आधी कमिट करा, मग ॲडॉप्ट, मग गिट डिफ करून काय बदललं ते पाहा. आणि होममध्ये डॉट-कॉन्फिग फोल्डर नसेल तर स्टो त्या अख्ख्या फोल्डरचीच लिंक करून टाकतो. मग बाकीचे प्रोग्रामही आपला पसारा तुमच्या रेपोत मांडतात. ‘नो-फोल्डिंग’ लावलं की हे टळतं.

खरी कसोटी मशीनमशीनमधल्या फरकाची. मॅकवर प्रोग्राम बसवणाऱ्या होमब्रूचंच पाहा, ॲपल चिपच्या मॅकवर ते ऑप्ट फोल्डरखाली असतं, इंटेलवर यूझर-लोकलखाली. असे फरक इफ-एल्स लावून एका फाइलमध्ये कोंबू नयेत, असं माझं ठाम मत आहे. बॅशआरसीच्या शेवटी ‘लोकल फाइल असेल तर वाच’ एवढी एक ओळ पुरते. गिटच्या कॉन्फिगमध्ये दुसरी फाइल वाचायला लावणारं इन्क्लूड आहेच, आणि ती फाइल नसली तरी गिट तक्रार करत नाही. ऑफिसचा ईमेल तिथे लिहा. लोकल फाइल्स रेपोत घालायच्या नाहीत.

टोकन (पासवर्डसारखा गुप्त कोड) आणि एसएसएचची (दूरच्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या प्रोग्रामची) खासगी किल्ली तर रेपोत कधीच नाही. चुकून टोकन कमिट होऊन पुश झालं, म्हणजे सर्व्हरवर गेलं, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, इतिहासात ते राहतंच. ते रद्द करून नवं घ्या.

एसएसएचची कॉन्फिग फाइल रेपोत ठेवता येते, पण परवानग्यांपैकी गिट फक्त ‘एक्झिक्यूटेबल’ आहे की नाही एवढंच लक्षात ठेवतं. नव्या मशीनवर रेपो क्लोन केल्यावर (त्याची प्रत उतरवल्यावर) फाइल ग्रुपला लिहिण्याजोगी झाली, तर एसएसएच चालायलाच नकार देतं. सीएचमॉड 600 केलं, म्हणजे वाचायची-लिहायची परवानगी फक्त स्वतःपुरती ठेवली, की सुटतं.

काही प्रोग्राम सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवतात. तेव्हा लिंक तुटून तिथे साधी फाइल येते आणि तुमचे बदल रेपोपर्यंत पोचतच नाहीत. सेटिंग बदलूनही गिट स्टेटस कोरं दिसलं, तर आधी एलएस मायनस एल करून लिंक शाबूत आहे का ते बघा.