बारा शनिवार

शाळेच्या महोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते शास्त्राचे, म्हणजे बायबल शिकवणारे, गुरुजी. शाळेविषयी लिहा असं पत्रात म्हटलंय, पण मला त्यांच्याविषयीच लिहिता येईल. बाकीच्या गुरुजनांनी क्षमा करावी.

आमचं घर दत्तभक्तांचं. १९७४ साली, आठवीत, गुरुजींनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातला जक्कय शिकवला. मुख्य जकातदार, पैसेवाला, अंगानं ठेंगू. गर्दीत येशू दिसेना म्हणून यरीहोत उंबरावर चढलेला. मी उठून म्हणालो, "गुरुजी, उंबर तर दत्ताचा!" वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "तिकडचा उंबर वेगळा, पण आपल्या उंबराचा भाऊबंदच. आता बस, आणि खाली उतरल्यावर तो काय म्हणाला ते ऐक."

जक्कय म्हणाला, कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. माझ्या पोटात गोळा आला. मॉनिटर म्हणून नकाशावह्यांचे पैसे मी जमवत होतो आणि त्यातले दोन रुपये भेळेत नि गोटी सोड्यात गेले होते.

आजीकडून दोन रुपये मागून संध्याकाळी गुरुजींची खोली गाठली. ते रागावले नाहीत. हिशेब मांडून बसले! "चूक कबूल करणाऱ्यानं मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं बायबलातल्या गणनेच्या पुस्तकात आहे. म्हणजे दोन रुपये चाळीस पैसे. जक्कयाच्या हिशेबानं आठ. तुझं तू ठरव."

मी फुशारकीत आठ म्हणून बसलो. उरलेले सहा आणणार कुठून? मग ठरलं, शनिवारी शाळा सुटली की बोर्डिंगच्या झाडांना विहिरीचं पाणी घालायचं, दर खेपेला आठ आणे. बारा शनिवार. एक बादली माझ्या हातात, दुसरी गुरुजींच्या. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजायचं. विश्वास, आज्ञापालन हे शब्द त्या तीन महिन्यांत त्यांनी एकदाही उच्चारले नाहीत. वर्गात कोणाला कळूही दिलं नाही. आजीला मात्र मी बाटणार अशी धास्ती होती. बाटलो नाही, आजही गुरुवारी दत्ताला जातो.

पुढे नोकरी लागली ती नेमकी जकात नाक्यावर! शाळासोबती मला अजून जक्कय म्हणतात. रात्रपाळीला बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, घडीत नोट यायची. मी ती बिल्टीसकट परत करायचो. शेजारच्या टेबलाकडे मात्र काणाडोळा केला, हेही लिहून टाकतो. शेवटी माझ्याआधी जकातच निवृत्त झाली.

परवा शाळेत डोकावलो. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, झाडांच्या जागी फरशी आणि दुचाक्या. तिथं उभा असताना पहिल्यांदाच डोक्यात आलं, की झाडांना पाणी घालणाऱ्या पोराला शाळा कशाला मजुरी देईल? ते आठ आणे गुरुजींच्या खिशातून यायचे आणि त्यांच्याच समोर मी ते ऐटीत वह्यांच्या डब्यात टाकायचो.

गुरुजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली.