पाच हजार वॉटची मशीन आणि ऐंशी मीटर केबल

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी ठरवायला येतात आणि त्याच दिवसांत माझ्या दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. जळालेले हॉर्न, फाटलेले कोन, बंद पडलेले मिक्सर. फडाला या दोन महिन्यांत वर्षाची कमाई करायची असते, त्यामुळे प्रत्येकाला आपलं काम आजच हवं असतं.

त्या दुपारी एका फडाच्या मालकीणबाई आल्या. वयाने साठीच्या पुढच्या, स्वतः पूर्वी बोर्डावर नाचलेल्या. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही म्हणतो. सोबत साऊंड सांभाळणारा पोरगा होता आणि टेम्पोत नवीकोरी मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर. पुढच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत ५००० वॉट छापलेलं.

"दादा, काल गवळण झाली, बतावणी झाली, अन् वग रंगात आला तेव्हा आवाज गेला," मावशी म्हणाल्या. "अर्धा तास पब्लिक शिट्ट्या मारत होतं. सरपंचांनी सुपारीतले पैसे कापले."

अर्धा तास म्हणजे फार. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या दिवशीच १२ वाजेपर्यंत मुभा असते. पूर्वी रात्रभर चालणारा खेळ आता थोडक्या वेळात बसवावा लागतो. त्यातला अर्धा तास गेला तर वग अर्ध्यावर तुटतो, आणि वग तुटला तर त्या गावाची पुढच्या वर्षीची सुपारीही जाते.

मावशींनी पदराच्या गाठीतून नोटा काढून बाकावर ठेवल्या. "चाळीस हजार आहेत. उसने आणलेत. यात मोठ्यातली मोठी मशीन द्या." नजर कोपऱ्यातल्या माझ्या सेकंडहँड ॲम्प्लिफायरवर होती. तो चांगलाच होता आणि विकला असता तर मलाही हवंच होतं. पण बंद पडलेली मशीन उघडून बघितल्याशिवाय दुसरी गळ्यात मारणं मला पटत नाही.

झाकण काढलं. एका चॅनलला ५२०० आणि १९४३ या ट्रान्झिस्टरच्या चार जोड्या. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे ट्रान्झिस्टर अस्सलही मिळतात आणि नकलीही. इथले अस्सल वाटले. एका जोडीमागे साधारण शंभर वॉट धरायचे हा आमचा हिशोब, म्हणजे चॅनलला चारशेच्या आसपास. शिवाय मशीनला ६ अँपिअरची साधी पिन. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॉट. त्या पिनेतून सलग येते त्याहून जास्त वीज मशीन सलग बाहेर देणार कुठून? उष्णतेत जाते ती वेगळीच. क्षणभराचा ठोका कपॅसिटरमधल्या साठ्यावर निघतो, पण पाच हजार हा आकडा त्यानेही जुळत नाही.

"म्हणजे फसवलं?" पोराचा चेहरा उतरला. मशीन त्यानेच पसंत केली होती.

"थांब, मोजू."

माझ्याकडे मोजायला गीझरचे रॉड आहेत, पाण्याच्या पिंपात सोडलेले. दीड हजार वॉटच्या एका रॉडचा रोध सुमारे ३५ ओम. नऊ समांतर जोडले की जवळपास ४ ओम होतात. स्पीकरऐवजी हा भार लावायचा, एक किलोहर्ट्झचा सूर सोडायचा आणि ऑसिलोस्कोपवर लाटेचा माथा सपाट होऊ लागतो तिथवर आवाज वाढवायचा. माथा सपाट होण्याच्या किंचित आधी व्होल्टमीटरने ४१ दाखवले. ४१ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ४२० वॉट. दोन्ही चॅनल मिळून ८४०. मशीन वाईट नव्हती. ८४० वॉटची प्रामाणिक मशीन होती, तिच्यावर आकडा दुसराच छापला होता.

मग ती बंद का पडली? पोराला विचारलं, बेसचे स्पीकर किती जोडतोस? एका चॅनलवर चार, सगळे ८ ओमचे, सगळे समांतर. म्हणजे भार २ ओम. ओम कमी तितका करंट जास्त, आणि एवढा करंट या मशीनच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून आतल्या प्रोटेक्शन सर्किटने तिला बंद केलं आणि ट्रान्झिस्टर वाचले. मी त्याला दोन-दोन बेस सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या समांतर जोडायला शिकवलं. चारही मिळून पुन्हा ८ ओम. वॉट कमी होतात हे खरं. पण चार बेस एकमेकांना चिकटून ठेवले की ते एकत्र हवा ढकलतात, आणि ४ ओमवर दोन बेस चालवून जेवढा आवाज येतो तेवढाच निम्म्या वॉटमध्ये येतो. मशीन थंड राहते, बेसमधली तारेची गुंडाळी, व्हॉइस कॉइल, तीही थंड राहते. ज्या फडाला रोज दुसऱ्या गावात खेळ करायचा आहे त्याने आणखी काय मागावं?

तरी माझं समाधान झालं नव्हतं. त्यांच्या हॉर्नमधले पातळ पडदे, डायफ्राम, तेही सारखे जळत होते, आणि हॉर्न तर वेगळ्या मशीनवर होते. खेळ त्या रात्री जवळच्याच गावात होता. मी मीटर घेऊन त्यांच्यासोबत गेलो.

जनरेटरचा गोंगाट प्रेक्षकांपर्यंत येऊ नये म्हणून तो कनातीपलीकडे लांब उभा होता. तिथून स्टेजपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची केबल, साधारण ८० मीटर. जनरेटरपाशी २२६ व्होल्ट. हॅलोजन लावले, साऊंड सुरू केला आणि स्टेजवर मोजलं तर १९०! केबलला हात लावला, गरम. ३० अँपिअर करंट जाण्या-येण्याच्या १६० मीटर तांब्यातून जात होता आणि ३६ व्होल्ट वाटेतच संपत होते.

साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनमध्ये बाहेरचा व्होल्टेज आत येणाऱ्या व्होल्टेजबरोबर उतरतो आणि वॉट त्याच्या वर्गाने उतरतात. ४२० चे इथे २८७ झाले होते. आवाज कमी वाटला की पोरगा मिक्सर चढवायचा, लाट माथ्यावर कापली जायची आणि त्या कापलेल्या लाटेतली कर्कश ऊर्जा थेट हॉर्नच्या नाजूक डायफ्रामवर. आधीच्या सगळ्या दुरुस्त्यांचं मूळ हेच होतं. माझी सेकंडहँड मशीन इथे लावली असती तर तीही याच केबलवर उपाशी राहिली असती.

मावशींना सांगितलं, मशीन नको, केबल घ्या. दिव्यांसाठी ६ चौरस मिलिमीटरची वेगळी, आणि जुनी फक्त साऊंडला.

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दादा, केबल लोकांना दिसत नाही. मोठी मशीन पाहून सुपारीवाला दोन पैसे जास्त देतो."

हे मला मोडून काढता आलं नाही, कारण ते खरं आहे. फडाचा ट्रक, कमान, दिवे, सगळं बघूनच सुपारी ठरते. मी एवढंच म्हणालो, की वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि उघड्या मैदानात माणूस १० मीटरवरून २० मीटरवर गेला की ६ डेसिबल जातात. मागच्या माणसाला सोंगाड्याचा शब्द कळायला हवा असेल तर हॉर्न डोक्यांच्या वर चढवा आणि मागच्या रांगेकडे वळवा. त्याला पैसे पडत नाहीत.

केबल त्यांनी घेतली. नारायणगावहून टेम्पो आला तेव्हा अंधार पडला होता. दिवे नव्या केबलवर टाकले, बेस सिरीज-समांतर जोडले, हॉर्न बांबूच्या घोडीवर चढवले. स्टेजवर आता २१५ च्या वर व्होल्टेज टिकत होता. ढोलकीचा पहिला तोडा पडला तेव्हा मी सर्वांत मागे, चहाच्या गाडीपाशी उभा होतो. थाप आणि शाईवरची बोटं वेगवेगळी ऐकू आली. वग शेवटपर्यंत झाला. सकाळचा हजेरीचा खेळही त्याच मशीनवर झाला.

बुद्धपौर्णिमेला हंगाम उतरल्यावर मावशी उसने पैसे फेडून पुन्हा आल्या आणि कोपऱ्यातली मशीन बदली म्हणून घेऊन गेल्या. फडाकडे दुसरी मशीन हवीच. देण्याआधी ती रॉडवर लावायला पोराने सांगितलं. २३० वर ४ ओमला ५६ व्होल्ट आले, ७८४ वॉट. मग तो म्हणाला, "काका, आता डिमरस्टॅटवर व्होल्टेज १९० करून दाखवा."