खरेदीखतांची भिंत

ग्रीसमध्ये उत्खननाच्या जागेचं फाटक ओलांडलं की आम्हा टूर मॅनेजरांना तोंड मिटून चालावं लागतं. आत माहिती सांगायची ती परवानाधारक स्थानिक गाइडनेच. दुसरं कुणी हातवारे करत बोलायला लागलं की पहारेकऱ्याची शिट्टी आलीच. त्यामुळे माझं जे काही भाषण असतं ते बसमध्येच उरकतं. अथेन्स ते डेल्फी सुमारे १८० किलोमीटर, अडीच तासांचा रस्ता. तेवढ्यात तिथला देव अपोलो, त्याची पुजारीण पायथिया, तिची भविष्यं असं सगळं मराठीत सांगून होतं. आत गेल्यावर माझ्याकडे खाती उरतात तीन: तिकिटं, डोकी मोजणं आणि ‘ताई, टॉयलेट कुठे?’

त्या दिवशी मिळालेल्या गाइडबाई साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, आणि पायात ट्रेकिंगचे झिजलेले बूट. शिक्षण पुरातत्त्वाचं, तेही कोरीव लेखांचं. बसमध्ये त्या फारसं बोलल्या नाहीत. मध्येच एका वळणावर माइक मागून घेतला आणि बाहेर बोट दाखवून म्हणाल्या, थीब्ज आणि डेल्फीचे रस्ते मिळतात तो तिठा इथलाच, आणि ईडिपसने बापाला ओळखलं नाही आणि मारलं ते इथे, असं जुने ग्रीक मानत. बसने मान वळवून बघितलं. तिथे डोंगर, झुडपं आणि एक पाटी होती. ‘म्हणजे भांडण रस्ता कुणी सोडायचा यावरून?’ मागून कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, हो, अगदी त्यावरूनच. पुण्याच्या मंडळींना हे ताबडतोब पटलं.

डेल्फीला माझं एक ठरलेलं गणित असतं. खालून चढायला सुरुवात, अथेन्सच्या कोषागारापाशी (देवाला वाहिलेल्या वस्तू ठेवायची छोटी इमारत) फोटो, देवळापाशी मोठा फोटो, ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना वर थिएटर, त्याहून धड असलेल्यांना स्टेडियम, मग म्युझियम, मग जेवण. ड्रायव्हरच्या टॅकोग्राफवर, म्हणजे गाडी किती वेळ चालवली ते नोंदणाऱ्या यंत्रावर, सगळं नोंदलं जातं. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती, त्यात सूट नाही. म्हणून मी मिनिटांवर डोळा ठेवून असते. बाईंनी फाटकाशीच मला बाजूला घेतलं. ‘थिएटर त्यांचं त्यांना बघू दे. मला एका भिंतीसाठी वेळ हवाय.’ मी किती म्हणून विचारलं. त्यांनी खांदे उडवले.

कोषागारापाशी मात्र त्या थांबल्या. हे जे उभं दिसतंय ते १९०३ ते १९०६ मध्ये फ्रेंचांनी मूळचे दगड जुळवून पुन्हा उभारलेलं, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. बरेच गाइड हे सांगत नाहीत, कारण मग फोटोची मजा जाते. याच्या भिंतीवर अपोलोची दोन स्तोत्रं स्वरांच्या खुणांसकट कोरलेली सापडली, ती आता म्युझियममध्ये आहेत. आमच्यातल्या एक पेटी वाजवणाऱ्या काकू लगेच वही काढून उभ्या राहिल्या. आणि हो, या सगळ्या जागेवर एक आख्खं गाव होतं, कास्त्री नावाचं. फ्रेंचांशी करार झाला, गाव उचलून पश्चिमेला नेऊन ठेवलं, आणि १८९२ मध्ये मोठी खोदाई सुरू झाली. लोक सुखासुखी उठले नाहीत, सैनिक उभे करावे लागले. धरणग्रस्त नातेवाईक असलेली दोन-तीन माणसं गटात असावीत, कारण नुकसानभरपाई किती मिळाली यावर चर्चा सुरू झाली आणि ती मला तोडावी लागली.

मग ती भिंत आली. देवळाच्या चौथऱ्याला खालून आधार देणारी. इसवी सनपूर्व ५४८ मध्ये जुनं देऊळ जळालं, त्यानंतर नव्या देवळासाठी जागा वाढवली तेव्हाची. वर देवळाचे सहा खांब दिसत असतात, त्यामुळे येणारा माणूस या भिंतीकडे पाठ करून वर बघत पुढे जातो. मीही कायम त्यांना तसंच पुढे नेत आले होते. दगड चौकोनी नाहीत, वेडेवाकडे आहेत. एकाची फुगीर कड दुसऱ्याच्या खोबणीत अशी बसवली आहे की सांध्यात नख जाणार नाही. भूकंपाचा मुलूख आहे. इसवी सनपूर्व ३७३ मध्ये देऊळ पडलं, भिंत राहिली.

‘जवळ या,’ बाई म्हणाल्या. ‘दोरीच्या अलीकडूनच. पण नाक दगडाकडे करा.’

ऊन तिरपं होतं. आधी काहीच दिसत नाही, दगडाचा खरखरीतपणा वाटतो. मग एक ओळ दिसते, मग तिच्याखालची, आणि मग एकदम सगळी भिंतच अक्षरांनी भरलेली आहे हे कळतं. अक्षरं बोटाच्या पेरापेक्षाही बारीक. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. ओळी दगडाच्या वाकड्या सांध्यावरून पलीकडच्या दगडावर बिनदिक्कत जातात.

‘काय लिहिलंय? स्तोत्रं?’

‘विक्रीचे व्यवहार,’ बाई म्हणाल्या. ‘माणसांच्या.’

त्यांनी समजावलं ते असं. गुलामाला स्वतःच्या नावावर काही विकत घेता येत नाही, करारही करता येत नाही. त्याने पैसे साठवले असले तरी मालकाला देऊन ‘मला सोड’ असा कायदेशीर व्यवहार तो करणार कसा? म्हणून मध्ये देव आणला. मालक आपला गुलाम अपोलोला विकतो. पैसे असतात गुलामाचेच, पण खरेदीदार अपोलो. आणि देवाने विकत घेतलेल्या माणसावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, म्हणजे तो मोकळा. इसवी सनपूर्व २०० च्या सुमारापासून पुढे जवळजवळ तीन शतकं हे चाललं. डेल्फीत असे सुमारे हजार लेख मिळाले आहेत, त्यात बाराशेहून जास्त माणसं आहेत. त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त. बाईंनी एका लेखावर लेझरचा ठिपका फिरवत वाचायला सुरुवात केली. अमुक आर्कनच्या (त्या वर्षीच्या शहरप्रमुखाच्या) वर्षात, अमुक महिन्यात, अमक्याने पायथियन अपोलोला विकला ‘एक स्त्रीदेह’, नाव अमुक, वंशाने सीरियन, किंमत चांदीच्या ३ मीना.

गटात साताऱ्याकडचे एक काका होते. दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेले. काकूंच्या आग्रहाखातर आलेले, आणि अथेन्सपासून प्रत्येक ठिकाणी सावली बघून बसलेले. दगडांचा त्यांना मनापासून कंटाळा होता, आणि त्यांनी तो लपवलाही नव्हता. ते कधी उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही.

‘ताई, विचारा त्यांना. मोबदला मिळाला असं लिहिलंय का?’

मी विचारलं. बाई म्हणाल्या, हो, मालकाला सगळी किंमत पोचली, असं असतं.

‘हमीदार?’

असतो. त्याचं नावही असतं. पुढे कुणी हक्क सांगायला आलं तर त्याने उभं राहायचं.

‘साक्षीदार?’

देवळाचे पुजारी, शिवाय गावातली माणसं. पुजाऱ्यांची नावं क्रमाने बदलत जातात, त्यावरूनच अभ्यासकांनी या लेखांची वर्षं लावली आहेत.

‘वारस? उद्या मालकाच्या पोराने हरकत घेतली तर?’

बाई पहिल्यांदाच हसल्या. बऱ्याच लेखांत मालकाच्या मुलाची किंवा बायकोची संमती नोंदवलेली असते, म्हणाल्या.

‘मान्यता देणार!’ काका जवळजवळ ओरडलेच. ‘अहो, हे रीतसर खरेदीखत आहे. लिहून देणार, लिहून घेणार, मान्यता देणार, हमीदार, साक्षीदार. फक्त चतुःसीमा नाहीत, कारण माल चालता-बोलता आहे.’ शेवटचं वाक्य बोलून ते स्वतःच थबकले.

मग त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात कधीच आला नसता. मूळ प्रत कुठे? भिंतीवर आहे ती तर नक्कल झाली. बाईंनी काकांकडे नीट बघितलं, आणि त्यानंतर माझ्याकडे बघणं सोडूनच दिलं. उत्तर काकांना द्यायच्या, मी मध्ये नुसती आवाजासारखी. बरोबर आहे, त्या म्हणाल्या, दस्त शहराच्या दफ्तरात किंवा एखाद्या माणसाच्या ताब्यात ठेवलेला असे, आणि तो कुणाकडे आहे हेही कित्येकदा लेखात लिहिलेलं असतं. कोरलेलं आहे ते सगळ्यांना दिसावं म्हणून. इथून देवळाकडे जाणारी प्रत्येक मिरवणूक जायची.

आणि एक कलम त्यांनी खास त्यांच्यासाठी काढून दाखवलं. मोकळ्या झालेल्या माणसाला कुणी पुन्हा गुलाम म्हणून धरू लागलं, तर हमीदाराने तर सोडवावंच, पण तिथून जाणारा कुणीही, अगदी कुणीही, त्याला ओढून सोडवू शकतो. त्याला दंड नाही, खटला नाही. काका बराच वेळ गप्प होते. ‘आमच्याकडच्या कुठल्या दस्तात हे नाही,’ म्हणाले.

एव्हाना गटाचे तीन तुकडे झाले होते. तरुण मंडळी थिएटरकडे गेली होती. काहीजण खाली सावलीत थेपले उघडून बसले होते, तिथे शिट्टी वाजली, कारण ते ज्यावर बसले होते तो दगड कुठल्यातरी शहराने अर्पण केलेल्या पुतळ्याचा पाया निघाला. हॉटेलवाल्याचा फोन येऊन गेला होता, जैन जेवणाची दोन ताटं गार होतायत म्हणून. मी त्याला अर्धा तास वाढवून मागितला आणि म्युझियममधून एक दालन मनातल्या मनात कापलं. ऊन चांगलंच चढलं होतं. बाईंनी सगळ्यांना टोप्या घालायला लावल्या आणि त्यामागचं कारणही सांगितलं. कार्ल ओटफ्रीड म्यूलर नावाचा जर्मन पंडित १८४० च्या उन्हाळ्यात याच भिंतीवरचे लेख उतरवून घेत होता, उघड्या डोक्याने. मोठी खोदाई तेव्हा व्हायची होती, भिंतीचा थोडाच भाग उघडा होता. उन्हाने आजारी पडला, अथेन्सला नेलं, आणि १ ऑगस्टला तो गेला. वय ४२. पेटीवाल्या काकूंनी निमूटपणे ओढणी डोक्यावर घेतली.

‘म्हणजे देवळाने किती जणांना सोडवलं बघा,’ कुणीतरी भारावून म्हणालं.

बाईंना हे आवडलं नाही. ज्या स्वरात आम्ही देवस्थानांबद्दल बोलतो तो त्यांनी ओळखला असावा. देवळाने एक पैसा घातला नाही, म्हणाल्या. ३ ते ५ मीना ही पूर्ण सुटकेची नेहमीची किंमत. एक मीना म्हणजे १०० द्राख्मा, आणि अथेन्सच्या भरभराटीच्या काळात कुशल कारागिराला दिवसाला साधारण एक द्राख्मा मिळे. तेव्हा हिशोब करा, गुलामाने हे किती वर्षं साठवले असतील. मालकाचा तोटा शून्य. वय होत आलेला गुलाम सोडायचा आणि आलेल्या पैशांत तरुण विकत घ्यायचा.

आणि सोडायचा तरी कुठे? कितीतरी लेखांत एक अट आहे. मोकळी झाली खरी, पण मालक जिवंत असेपर्यंत तिने त्याच्याकडेच राहायचं, सांगेल ते काम करायचं, नाही केलं तर त्याला शिक्षा करायचा हक्क. राहिली नाही तर विक्रीच रद्द. क्वचित एखादं मूल वाढवून मालकाच्या घरी द्यायचीही अट. त्याच लेखात दोन ओळी वर कोरलेलं असतं की तिने हवं ते करावं आणि हवं तिकडे जावं.

यावर गटातल्या बायका उसळल्या. मला वाटतं त्या दिवसातला सगळ्यात जिवंत अर्धा तास तो होता, आणि त्यात अपोलो कुठेच नव्हता. एकीचं म्हणणं, मग ही कसली सुटका, हे तर पैसे घेऊन पुन्हा राबवणं झालं. दुसरीचं, अहो पण कागदावर तर आलं, मालक मेल्यावर त्याच्या पोरांना तरी हात लावता येणार नाही. एक शाळेतल्या निवृत्त बाई म्हणाल्या, तिची मुलं कुणाची ते आधी विचारा. मी विचारलं. गाइडबाई म्हणाल्या, अट असताना झालेल्या मुलांचं काय हे लेखागणिक वेगळं असतं. काहीत स्पष्ट लिहिलेलं, काहीत नाही. ‘लिहिलं नसेल तर वाद,’ काका म्हणाले.

देवळापाशी आम्ही दहा मिनिटं थांबलो. पायथिया, तिची तिवई, जमिनीतल्या वायूबद्दलचे भूगर्भतज्ज्ञांचे वाद हे सगळं बाईंनी चालता चालता आटोपलं. म्युझियममध्ये सगळे त्या काशाच्या सारथ्यापुढे थांबले. पापण्या तांब्याच्या, डोळे वेगळे बसवलेले. माणूस तुमच्या खांद्यावरून पलीकडे काहीतरी बघतोय असं वाटतं. इतक्या घाईत तो दाखवला याची मला चुटपुट लागली, पण टॅकोग्राफ काही ऐकत नाही.

जेवणाला आम्ही उशिरा पोचलो. नेहमी गाइड आणि ड्रायव्हर वेगळ्या टेबलावर बसतात. त्या दिवशी बाई काकांच्या समोर येऊन बसल्या आणि मला मध्ये बसवलं. काकांनी कागदी रुमालावर दस्ताचा मसुदा मराठीत लिहून काढला होता, कलमांना आकडे घालून. एकाच जागेवर ते अडले होते. मालक जिवंत असतानाच तिला ती अट सोडवून घ्यायची असेल तर?

बाई म्हणाल्या, तेही आहे. वेगळा लेख. त्याच भिंतीवर, काही वेळा पहिल्याच्या जवळपास.

‘हक्कसोडपत्र,’ काकांनी लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, ‘त्याचे वेगळे पैसे?’

कित्येकदा, बाई म्हणाल्या. काकांनी त्याच्यासाठी एक रिकामी जागा सोडली आणि ताट पुढे ओढलं.