डाळिंबी सूत आणि पंधरा हजार

गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

आज दुपारी सोलापुरात नवी पेठेत लॅपटॉप बघून आले. घ्यायचा आहे हे पक्कं. जुन्याची उजवीकडची बिजागरी तुटून दोन महिने झाले, पडदा मागे डब्याला टेकवून काम चाललंय. २०१६ चा आहे तो. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. २०२० मध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली म्हणून इथवर आला. येत्या मंगळवारी, १४ तारखेला, विंडोज १० चा आधार संपतोय, आणि विंडोज ११ याच्यावर चढत नाही. त्याला इंटेलची निदान आठवी पिढी लागते. सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर मिळवायची सोय आहे म्हणा, म्हणजे बुधवारी सकाळी लॅपटॉप मरणार नाही. पण बिजागरीला कुठली अपडेट?

दुकानदाराने आधी ४६,९९० चा दाखवला. तेराव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. मी हो म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात त्याने शेजारचा उघडला. आय-७, १६ जीबी. "ताई, हा ७४,९९० चा. दिवाळीत ६१,९९० ला देतोय, पाडव्यापर्यंतच. फक्त पंधरा हजार जास्त, आणि मग पाच-सहा वर्षं बघायला नको."

घरी येईपर्यंत तो "फक्त" डोक्यात होता. एका टॉवेलच्या डिझाईनचे मला १,२०० मिळतात. पंधरा हजार म्हणजे साडेबारा डिझाईनं. एरवी महिना-दीड महिन्याचं काम. पण २७ ऑगस्टपासून अमेरिकेत आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लागलं आणि मी ज्यांच्यासाठी डिझाईनं करते त्या अण्णांच्या टॉवेलच्या कारखान्यातली निर्यातीची कामं मंदावली. सप्टेंबरात माझ्याकडे सहाच डिझाईनं आली. त्यात सीनेला पूर आला. मोहोळ तालुक्यात धाकट्या दिरांचं रान नदीकाठी आहे, सोयाबीन उभं पाण्यात गेलं. दहा हजार पाठवले. ते पाठवायचे की नाही असा प्रश्नच नव्हता, पण आता लॅपटॉपसाठी बाजूला काढलेल्या पैशांत तेवढी जागा रिकामी आहे.

लेक म्हणते, "आई, आय-सेव्हनच घे. सारखं सारखं घेणं होत नाही." तिचं खोटं नाही. आमच्या घरात वस्तू एकदा आली की दहा वर्षं राहते, हे तिने बघितलंय.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सकाळी पाणी भरून झाल्यावर वही घेऊन बसले. पंधरा हजारांत मला नेमकं काय जास्त मिळणार, ते एकदा लिहूनच काढायचं ठरवलं.

आधी प्रोसेसर. दुकानातून दोन्हींचे पूर्ण नंबर लिहून आणले होते: आय-५ १३३५यू आणि आय-७ १३५५यू. कंपनीच्या माहितीत शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींत दहाच कोअर, दोन मोठे आणि आठ छोटे. दोन्हींत बारा थ्रेड, दोन्हींत १२ एमबी कॅश. फरक कमाल वेगाचा, ४.६ गिगाहर्ट्‌झ आणि ५. मला वाटत होतं, पाच आणि सात म्हणजे केवढं अंतर असेल. नंबरामागच्या त्या "यू"चा अर्थ कमी विजेवर चालणारा. तो दोघांनाही लागलेला आहे, त्यामुळे पाच गिगाहर्ट्‌झही तो थोडा वेळच देणार. म्हणजे या दोघांपुरतं बघायचं तर पंधरा हजारांतला मोठा भाग एका आकड्याला जातोय.

आता माझं काम. मागाला शेवटी जी फाईल जाते तिला ताकद लागतच नाही. २,६८८ हुकांचा इलेक्ट्रॉनिक जकार्ड (मागावर नक्षीप्रमाणे उभे धागे हुकांनी उचलणारं यंत्र) धरला, उंचीला ४,००० ओळी धरल्या, तर एक कोटी साडेसात लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपका दोनच गोष्टी सांगतो, हूक वर का खाली. सगळी फाईल दीड एमबीच्या आत. मोबाईलमधला एक फोटो त्याहून मोठा असतो.

हे मांडताना आप्पा आठवत राहिले. आप्पा पूर्व भागातल्या एका कारखान्यात ग्राफ रंगवायचे. चादरीचा मोर आधी चौकटीच्या कागदावर यायचा, एक एक घर लाल रंगाने भरून. ब्रश इतका बारीक की त्याचे केस मोजता यावेत. डाव्या अंगठ्याचं नख कायम लाल. मग तो ग्राफ वाचून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, एका आडव्या धाग्याला एक कार्ड, आणि सगळी कार्डं दोरीने ओवून मागावर चढवायची. भोक असेल तिथे हूक उचलणार, नसेल तिथे नाही. फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ मारी जकार्डने हे यंत्र १८०४ मध्ये केलं. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच भोकांची कार्डं घेतली. त्याच्याकडे जकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, त्याला २४,००० च्या आसपास कार्डं लागली होती. आप्पांना मी हे सांगितलं होतं तेव्हा ते कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चोवीस हजार! एक कार्ड उलटं ओवलं गेलं तर?"

पंधरा हजारांचा हिशोब करताना आप्पांची फार आठवण येते, कारण ते कुठल्याही वस्तूला पहिला प्रश्न हाच विचारायचे: ही माझ्या कामातलं काय करणार?

तर माझ्या कामात ताकद लागते ती आधीच्या पायरीला. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये वीस-पंचवीस लेयर उघडे, शेजारी डिझाईनचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, व्हॉट्सॲप. ८ जीबीत तेव्हा सगळं अडतं. रंग बदलायला क्लिक करावं आणि चहाचा घोट घेऊन यावं, इतका वेळ जातो. तिथे १६ जीबी हवीच. याबाबत मनात शंका नाही.

आणि लागतो पडदा. हे लिहिताना अजून पोटात खड्डा पडतो. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकासाठी डाळिंबी आणि मोरपंखी असा सेट केला होता. माझ्या पडद्यावर डाळिंबी मळकट दिसायचा, म्हणून मी तो चढवत गेले, चढवत गेले, शेवटी माझ्या डोळ्यांना बरा वाटला. फोटो गिऱ्हाइकाच्या फोनवर गेला. त्याचा फोन चांगला, तिथे तो रंग झळझळीत दिसला आणि तोच त्याने पसंत केला. टॉवेल विणून गेले तेव्हा तक्रार आली, "हा तो रंग नाही." ६०० टॉवेल होते. अण्णांनी भाव पाडून दिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, डिझाईनचे पैसेसुद्धा दिले. मी ते घेतले, आणि चार दिवस कारखान्याकडे फिरकले नाही.

मग दोन्ही लॅपटॉपच्या पडद्याची माहिती शोधली. दोन्हींना ४५ टक्के एनटीएससी (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप), २५० निट्स (उजेडाचं माप). म्हणजे स्वस्तातला तोच पडदा, जो एसआरजीबीतले, म्हणजे संगणकासाठी ठरवलेल्या नेहमीच्या रंगांतले, साधारण साठेक टक्के रंगच दाखवू शकतो. गडद तांबडे, हिरवट निळे, त्याला जमतच नाहीत. पंधरा हजार जास्त देऊनही पडदा तोच!

सोमवार, १३ ऑक्टोबर

आज सूत घेऊन दुकानात गेले. कापडी पिशवीत डाळिंबी लडी, मोरपंखी लडी आणि एक आमसुली. पिशवी काउंटरवर उघडल्यावर दुकानातला मुलगा बघतच राहिला. दोन्ही लॅपटॉपवर माझ्या पेनड्राइव्हमधला तोच सेट उघडला आणि लडी पडद्याला लावून धरली. आप्पा सांगायचे, सूत ट्यूबखाली बघू नये, उजेडात बघावं. म्हणून मी दोन्ही लॅपटॉप दाराजवळ न्यायला सांगितले. मुलाने नेले, कुरकुर न करता. त्याचं मला कौतुक वाटलं.

आय-५ वर डाळिंबी विटकरी दिसला. आय-७ वर डाळिंबी विटकरी दिसला. मोरपंखी दोन्हीकडे नुसता निळा. लडी हलवली, पडदा मागे-पुढे केला, उजेड वाढवला. हातातलं सूत जसं होतं तसंच, ओलं वाटावं इतकं गर्द, आणि शेजारी ते विटेसारखं.

माझं मन तिथेच फिरलं. तरी बाकीचं विचारून घेतलं, कारण दुकानात गेल्यावर सगळं विचारूनच यावं.

आय-५ वर टास्क मॅनेजर उघडायला लावला. मेमरीच्या पानावर स्लॉट दोन, वापरात एक. म्हणजे आणखी ८ जीबी बसते. रॅमची पट्टी २,३०० ला, त्यांच्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बसवून देणार, म्हणजे वॉरंटीची भानगड नको. आय-७ ची १६ जीबी बोर्डावरच पक्की, पुढे वाढवायची सोयच नाही. "पाच-सहा वर्षं बघायला नको" या बोलण्यात ही गोष्ट कुठेच नव्हती.

मग हप्ते. "बिनव्याजी, नऊ महिने." मी विचारलं, रोख दिले तर? दोन हजार कमी झाले, आय-७ ५९,९९० ला आला. म्हणजे बिनव्याजी हप्त्यांतलं व्याज तेवढं होतं, फक्त किमतीत मुरलेलं. वर कार्डाची प्रोसेसिंग फी, आणि बँक जे व्याज दाखवते त्याच्यावर १८ टक्के जीएसटी. ज्याला एकरकमी जमत नाही त्याला हप्ता आधारच आहे, मी फ्रीज तसाच घेतला. पण त्याला बिनव्याजी म्हणून विकू नये असं मला मनापासून वाटतं. आय-५ रोखीने ४५,५०० ला आला.

अण्णांना फोन केला होता तेव्हा ते म्हणाले, "पोरी, माझ्या फर्मच्या बिलावर घे. जीएसटी वाचेल." ६१,९९० मध्ये जवळजवळ साडेनऊ हजार जीएसटीच आहे, मोह होण्यासारखी रक्कम. पण लॅपटॉप माझ्या घरात, काम माझं, आणि भरलेल्या जीएसटीची वजावट, म्हणजे क्रेडिट, त्यांच्या खात्यात, हे बरोबर नाही. माझी उलाढाल वीस लाखांच्या कितीतरी खाली, नोंदणी नाही, म्हणून ते क्रेडिट मला मिळत नाही. नाही तर नाही. त्यांना तसं सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि विषय बदलला.

शेवटी मी विचारलं मॉनिटरचं. २४ इंची, आयपीएस, ९९ टक्के एसआरजीबी, ९,८००. तो लावून दाखवायला सांगितला. लडी धरली. डाळिंबी दिसला. अगदी हुबेहूब नाही, सुताला जी चमक असते ती काचेला कुठून येणार, पण डाळिंबी. बराच वेळ मी ती लडी तिथेच धरून उभी होते.

घरी येऊन बेरीज केली. लॅपटॉप ४५,५००, पट्टी २,३००, मॉनिटर ९,८००. एकूण ५७,६००. आय-७ पेक्षा २,३९० कमी. वाचले म्हणावेत असे नाहीत. लेकीला आकडे दाखवले तर म्हणाली, "मग जवळजवळ तेवढेच गेले की." गेलेच. अण्णांकडे जाताना मॉनिटर काखेत मारून नेता येणार नाही, तिथे तोच विटकरी पडदा उघडावा लागणार. हे मी तिला लपवलं नाही. पण दोन्हींत १६ जीबी आहे, आणि एकात रंग आहे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

बुधवारी सगळं घरी आलं. टेबल खिडकीपाशी सरकवलं, पण मॉनिटरची पाठ भिंतीकडे ठेवली, म्हणजे ऊन काचेवर येत नाही. जुना लॅपटॉप डब्याला टेकवून शेवटचं एकदा उघडला आणि गेल्या वर्षीचा तो सेट नव्यावर घेतला. उघडताच कळलं मी काय करून बसले होते. डाळिंबी इतका चढवलेला की बघवेना. लडी शेजारी धरून उतरवत गेले. अर्ध्या तासात बसला.

आज त्याच गिऱ्हाइकाचं नवं काम अण्णांकडून आलंय. छोटं, दोनच डिझाईनं. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, पण अण्णांना सांगितलं की फोटोवर पसंती घेऊ नका. तिन्ही रंगांच्या सुताचे बोटभर तुकडे कापून पुठ्ठ्यावर चिकटवले, खाली पेनाने नावं लिहिली. पुठ्ठा आप्पांच्या जुन्या कार्डांतला आहे, कडेला भोकं असलेला. उद्या सकाळी अशोक चौकात जाऊन देऊन येईन.